गॅरेजचे प्रश्न: काकांच्या अर्धवट फोर्डची हॉट रॉड होईल का?

या महिन्यात आलेली बरीच पत्रं आपल्याच पट्ट्यातली आहेत, निपाणी, चिक्कोडी, गोकाक, खानापूर, खुद्द बेळगाव, आणि प्रत्येकाच्या घरात कुणीतरी मोठ्या हौसेनं काढलेली आणि मग सोडून दिलेली एक जुनी गाडी उभी आहे. निपाणीच्या पत्रात हॉट रॉड करायचीय, म्हणजे जुन्या गाडीचं वजन काढून आणि इंजिन जोरदार करून पळवायची गाडी. त्याचं उत्तर लांबलंय, पण त्यातलं निम्मं बाकीच्यांनाही लागू होतं, म्हणून ते पहिलं घेतो.

प्रश्न: दादा नमस्कार, मी निपाणीजवळच्या खेड्यातनं लिहायलोय. आमच्या थोरल्या काकांनी १९३० ची फोर्ड मॉडेल ए घेतली होती, नीट करायची म्हणून सगळी सुटी केली आणि मग ते आजारी पडले आणि गेले. तंबाखूच्या वखारीत गाडी तशीच पडून हाय. मागची अर्धी बॉडी आधीच कुणीतरी कापून फळ्यांचा हौदा केलेला, तोही कुजला. आता चेसिस, इंजिन, पुढचा काऊल (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्र्याचा भाग), दोन दरवाजे, रेडिएटरचं शेल आणि एक मडगार्ड एवढं शिल्लक हाय. घरातले म्हणतात किलोवर घालून मोकळा हो. मला हॉट रॉड करायचीय, मोबाईलवर बघून बघून डोक्यात बसलंय. एक फाटकं टीसी बुक (गाडीच्या नोंदणीचं जुनं पुस्तक) हाय, त्यावर जुन्या मुंबई राज्याचा नंबर. सुरुवात कुठनं करू?

उत्तर: किलोवर घालू नका, एवढं आधी घरात सांगून टाका. आणि ग्राइंडर पण इतक्यात हातात घेऊ नका. तुमच्या गाडीची हॉट रॉड करायला माझा विरोध नाही, कारण मागची बॉडी गेलेलीच आहे, ती पुन्हा मूळ टूरर (उघडी) किंवा सेदान (बंद छपराची) करायची तर अर्धी गाडी नव्यानं पत्र्यातनं ठोकावी लागणार. माझा विरोध असतो अख्खी गाडी कापायला. अमेरिकेत मॉडेल ए १९२८ ते १९३१ मध्ये ४८ लाखांवर बनल्या, तिथं पोरांना त्या मातीमोलानं मिळायच्या म्हणून कापल्या, आपल्याकडं बोटावर मोजण्याइतक्या राहिल्यात. जे गेलंय त्यातनं नवीन उभं करा, जे शाबूत आहे त्याला हात लावू नका, हा माझा हिशोब आणि खाली जे काही सांगतोय ते सगळं त्याच हिशोबानं.

सुरुवात कागदांपासून. त्या टीसी बुकाचे आधी चांगले फोटो काढा, मग प्लास्टिकच्या पाकिटात घाला, जुना कागद हाताळून हाताळून फाटतो. आता आपल्या भागाचा घोळ असा की १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, मग म्हैसूर राज्यात गेला, १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं. तिकडं कोल्हापूर संस्थान १९४९ ला मुंबई राज्यात आलेलं. म्हणजे मुंबई राज्याचा नंबर दिसला म्हणून गाडी बेळगावचीच असं धरून चालू नका, निपाणीहून कोल्हापूर जवळ, कदाचित पासिंग तिथलं असेल. बुकावर कुठल्या कचेरीचा शिक्का आहे ते भिंगातनं बघा, मागच्या पानावर ट्रान्सफरच्या नोंदी असतात त्या वाचा. रेकॉर्ड कोल्हापूरला निघालं तर तिथनं फॉर्म २८ वर एनओसी आणि मग इकडं चिक्कोडीच्या केए-२३ मध्ये नवीन नंबर, आणि इकडंच निघालं तर तेवढा एक हेलपाटा वाचला. दुसरी गोष्ट, गाडी काकांच्या नावावर असेल तर ती तुमची होण्याआधी वारसांची आहे. चुलत भावंडांची लेखी संमती, वारसा दाखला आणि फॉर्म ३१, हे आत्ताच करून घ्या. गाडी भंगार दिसते तोवर सगळे हो म्हणतात, रंग लागल्यावर गोष्ट वेगळी होते.

मग नंबर जुळवा. मॉडेल ए मध्ये इंजिन ब्लॉकच्या डाव्या अंगाला, पाण्याच्या इनलेटच्या वर एक सपाट पट्टी असते, तिथं नंबर ठोकलेला असतो. तोच नंबर साधारणपणे चेसिसच्या डाव्या रेलच्या वरच्या अंगावरही असतो, पण तो बॉडीखाली झाकलेला, त्यामुळं बॉडी उचलल्याशिवाय दिसत नाही. तुमची बॉडी उचललेलीच आहे, तेवढा फायदा. तिथं तारेचा ब्रश जोरात मारू नका आणि ग्राइंडर तर नाहीच, रॉकेलात भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा, वर खडू फिरवून बॅटरीचा उजेड आडवा पाडा. आकडे उठून दिसतात. ते बुकातल्या आकड्यांशी जुळले तर तुमच्याकडं खरोखरची गाडी आहे, आणि मग ते इंजिन काढून दुसरं बसवायचा विचार डोक्यातनं काढा.

इथं लोक म्हणतात, ४० हॉर्सपॉवरच्या इंजिनाची कसली हॉट रॉड. अहो सुरुवातीच्या हॉट रॉड ह्याच इंजिनावर झाल्या! ३२८५ सीसी, चार सिलेंडर, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, जेमतेम ४.२२ ला १. एवढं कमी कॉम्प्रेशन म्हणजे त्यात सुधारायला भरपूर जागा. त्या काळची पोरं पहिल्यांदा हेड बदलायची, साडेपाचच्या आसपास कॉम्प्रेशनचं, मग कार्ब्युरेटर, मग मडगार्ड आणि नको ते वजन काढायचं. हलकी गाडी आणि खालून ओढणारं इंजिन, मजा त्यातच आहे. फक्त एक ध्यानात ठेवा, या इंजिनाची बेअरिंगं शेलची, म्हणजे तयार मिळणाऱ्या बदलायच्या वाट्यांची, नसतात, व्हाइट मेटल हा मऊ धातू ओतून, बोअर करून, हातानं बसवलेली असतात. हे काम येणारा मिस्त्री आधी शोधा, बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावात जुन्या डिझेल इंजिनांची आणि पंपांची कामं करणारी म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांना विचारा. ते मिळेपर्यंत इंजिन खोलू नका, खोललेलं इंजिन आणि मिस्त्री नाही अशा अवस्थेतच निम्मे प्रोजेक्ट बंद पडतात.

चेसिस तपासायला अर्धा किलोची हातोडी घ्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार-चार बोटांवर ठोकत जा. चांगलं लोखंड टणकन वाजतं, गंजलेलं भदभद वाजतं आणि खपल्या पडतात, तिथं खडूनं गोल करा. मॉडेल ए चं चेसिस साध्या सी आकाराच्या चॅनलचं आहे, क्रॉसमेंबर, म्हणजे आडवे जोड, रिव्हेटांनी धरलेले. रिव्हेटच्या डोक्याभोवती लालसर भुकटी दिसली तर तो रिव्हेट हलतोय असं समजा, तो काढून नीट रीम केलेल्या भोकात घट्ट बोल्ट बसवा, वरनं वेल्डिंगचा ठिपका मारून गप्प बसू नका. मग कर्ण मोजा, पुढच्या डाव्या कोपऱ्यातनं मागच्या उजव्या आणि उलटं. दोन्ही मापं जुळली नाहीत तर चेसिस वाकलंय, आधी ते सरळ. सी चॅनल आतनं पट्टी लावून बंद करायचं असेल, म्हणजे बॉक्सिंग, तर चेसिस सपाट बेडवर क्लॅम्पनं जखडून, एक इंच इथं, एक इंच पार तिकडं असं तुकड्यातुकड्यानं वेल्डिंग मारायला लावा. एका दमात सरळ रेघ ओढली की उष्णतेनं रेल केळ्यासारखी वाकते आणि मग ती सरळ होत नाही.

इंजिनाच्या आधी ब्रेक. मॉडेल ए ला चारही चाकांना ब्रेक आहेत पण सगळे सळ्यांवर चालणारे, फोर्डनं हायड्रॉलिक ब्रेक १९३९ च्या मॉडेलला दिले. आपल्याकडं सोय अशी की जुन्या फोर्डच्या चाकाचा आणि विलीजपासून आलेल्या महिंद्रा जीपच्या चाकाचा बोल्टचा पट्टा एकच, पाच बोल्ट, साडेपाच इंच. त्यामुळं जीपचे हब आणि हायड्रॉलिक ड्रम वापरून बघता येतात. पण पट्टा जुळला म्हणजे काम झालं असं नाही, स्पिंडल वेगळा, बेअरिंग वेगळं, बॅकप्लेटला ॲडॅप्टर लागतो, आणि तो ॲडॅप्टर लेथवर चांगल्या टर्नरकडनंच करून घ्यायचा. स्टीअरिंगचा आणि ब्रेकचा एकही भाग वेल्डिंगनं लांब-आखूड करायचा नाही, यात तडजोड नाही, कुणी कितीही भारी वेल्डर असू दे. मास्टर सिलेंडर फ्लोअरखाली चेसिसला बसवणार असाल तर तो चाकांच्या सिलेंडरपेक्षा खाली येतो, तेल मागं उतरतं आणि पहिला पॅडल पोकळ जातो, म्हणून लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो, ड्रमला १० पीएसआयचा, डिस्कला २ चा.

अजून एक, तुमच्या गाडीची पेट्रोलची टाकी काऊलमध्येच आहे, म्हणजे बसल्यावर थेट गुडघ्यांच्या वर, पेट्रोल स्वतःच्या वजनानं खाली कार्ब्युरेटरला उतरतं. ती टाकी आतनं गंजली असेल तर रेडिएटरवाल्याकडं द्या, घरी वेल्डिंग लावायला जाऊ नका, पन्नास वर्षांपूर्वी रिकामी केलेल्या टाकीत सुद्धा वाफ धरून बसलेली असते.

आता कायद्याचं, कारण हे न बघता पैसे घालणारे लोक मी बघतोय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं जी गाडी बनवली आणि आरसीवर जे लिहिलंय त्यात फरक पडेल असा बदल करायचा नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्कं केलं. परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२ए प्रमाणं मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि "आपल्याच शेतातल्या रस्त्यावर चालवीन की" असं म्हणू नका, कलम ३९ मध्ये रजिस्ट्रेशन नसलेली गाडी सार्वजनिक ठिकाणी "किंवा इतर कोणत्याही ठिकाणी" चालवायची नाही असंच लिहिलंय. शिवाय २०२१ पासून विंटेज गाड्यांसाठी वेगळं रजिस्ट्रेशन आलंय, पहिल्या पासिंगपासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना, नंबरात व्हीए अक्षरं, नवीन रजिस्ट्रेशनची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण त्याची अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. हॉट रॉड त्यात बसत नाही.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा. मूळ चेसिस न कापता, मूळ इंजिन ठेवून, नंबर जागेवर ठेवून, जे काही कराल ते बोल्टनं लावलेलं असू दे. मडगार्ड लावायचं नसेल तर काढून ठेवा, विकू नका. मागं साधी छोटी रोडस्टरसारखी बॉडी पत्र्यात करून घ्या, ती चेसिसच्या मूळ भोकांवरच बसवा. म्हणजे उद्या तुम्हाला किंवा तुमच्या पोराला मूळ बॉडी करायची झाली तर रस्ता मोकळा राहतो. आणि पहिला पत्रा कापायच्या आधी कच्चं ड्रॉइंग घेऊन आरटीओतल्या इन्स्पेक्टरना भेटा, काय चालेल काय नाही ते लेखी घ्या. लेखी हो आलं नाही तर ती गाडी प्रदर्शनात ठेवायची, टोइंगच्या गाडीवर चढवून न्यायची, एवढं आधीच मनाशी ठरवून काम धरा.

प्रश्न: हे हॉट रॉड म्हणजे नक्की काय असतं? माझ्या मुलाला चांगली गाडी सोडून मोडकी का हवी ते कळेना. (बेळगाव, टिळकवाडी)

उत्तर: काकू, मोडकी हवी कारण चांगली परवडत नव्हती, सुरुवात तिथूनच. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात पोरं जुन्या फोर्ड घ्यायची, मडगार्ड, छप्पर, वजन काढून टाकायची, इंजिन जोरदार करायची आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्याच्या सपाट पात्रात पळवायची. १९३२ ला फोर्डनं सामान्य माणसाच्या बजेटात ६५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ इंजिन दिलं आणि या नादाला जोर आला. १९३७ ला तिथल्या क्लबांनी मिळून संघटना काढली, वेळ मोजायची शिस्त आणली. दुसऱ्या महायुद्धातनं परत आलेल्या तरुणांना लष्करात यंत्रांचं काम हाताला लागलेलं होतं, त्यांनी हे देशभर नेलं, आणि रस्त्यावरच्या शर्यती थांबाव्यात म्हणून १९५१ मध्ये ड्रॅग रेसिंगची राष्ट्रीय संघटना निघाली. मुलाला हातानं काम करायचंय ही चांगली गोष्ट आहे, त्याला अडवू नका, फक्त गॉगल आणि हातमोजे घेऊन द्या.

प्रश्न: दादा माझ्याकडं प्रीमियर पद्मिनी हाय, वडिलांची, दारात चार वर्षं उभी. छप्पर चार इंच खाली आणून, मडगार्ड कापून हॉट रॉड लुक द्यायचाय, चिक्कोडीत एक वेल्डर तयार हाय. करू का?

उत्तर: नको. स्पष्टच सांगतो. पद्मिनी म्हणजे फियाट ११००, तिला वेगळं चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस, मॉनोकॉक म्हणतात ते. ॲम्बेसेडरचंही तसंच. फोर्ड मॉडेल ए ची बॉडी उचलली तरी खाली चेसिस, इंजिन, चाकं उभी राहतात, पद्मिनीचं छप्पर, खांब, पुढचं मडगार्डच्या आतलं पत्र्याचं काम हे सगळं मिळून वजन पेलतंय. तुम्ही छप्पर कापलं की पहिल्या दिवशी दरवाजे लागणार नाहीत आणि पहिल्या खड्ड्यात काच तडकेल, आणि धडक झाली तर आतल्या माणसाचं काय होईल ते लिहायला नको.

वडिलांची गाडी आहे, बंद पडून चारच वर्षं झालीत, ती चालू करा की! १०८९ सीसीचं ते इंजिन साधं आहे, सामान अजून मिळतं. कार्ब्युरेटर उघडून साफ, पेट्रोल पाइप सगळे नवीन आणि ते ई-२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला, चालणारे, कारण जुनं रबर इथेनॉलनं फुगतं आणि चिरतं, ब्रेकचे रबर किट चारही चाकांचे, व्हील सिलेंडरला आत खड्डे पडले असतील तर सिलेंडरच नवीन. आरसीची १५ वर्षांची मुदत संपली असेल तर रिन्यू करून घ्या. तुमच्या वेल्डरला द्यायचंच असेल तर फ्लोअर आणि जॅक लावायच्या जागा दाखवा, पद्मिनी कुजते ती तिथं.

प्रश्न: माझ्याकडं जुन्या अमेरिकन गाडीचं नुसतं चेसिस आणि पुढचं नाक आहे, इंजिन नाही, कागदपत्रं नाहीत. शोसाठी हॉट रॉड करायचीय. जीपचं डिझेल बसवू का मारुतीचं? (गोकाक)

उत्तर: शोसाठीच हे तुम्ही स्वतः लिहिलंय ते बरं झालं, कागद नाहीत म्हणजे रस्ता नाही. आता इंजिन. पहिली चाळणी ही की इंजिन लांबीत बसणारं आणि मागची चाकं फिरवणारं हवं. मारुती ८००, स्विफ्ट वगैरेचं इंजिन आडवं असतं, पुढची चाकं ओढतात, ते विसरा. ओम्नी, ईको, जिप्सी, काँटेसा, ॲम्बेसेडर, बोलेरो ही मंडळी चालतात. तुमचं चेसिस हलकं असणार, म्हणून मी जीपचं डिझेल घेणार नाही, ते जड, सगळं वजन पुढच्या एक्सलवर, वर थरथर, आणि उघड्या नाकाच्या गाडीत दिसायलाही बरं नाही. बजेट कमी असेल तर ईकोचं १.२ पेट्रोल, सामान आपल्याकडं गावोगाव मिळतं, वजन कमी. मन मोठं असेल तर काँटेसाचं इसुझू १.८ शोधा, पाच गिअरचा बॉक्स सोबत येतो.

इंजिन ज्या गाडीचं त्याच गाडीचा मागचा एक्सलही घ्या, म्हणजे डिफरन्शियलचा रेशो जुळतो आणि हँडब्रेकही येतो, फक्त चाकापासून चाकापर्यंतची रुंदी आधी टेपनं मोजा. गिअरबॉक्सचं शेपूट आणि डिफरन्शियलचं तोंड यांचा कोन नीट बघा: इंजिन मागं ३ अंश खाली झुकलं असेल तर डिफरन्शियलचं नाक तेवढंच वर हवं, म्हणजे शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (फिरते सांधे) एकमेकांची थरथर मारतात. हा कोन गाडी चाकांवर उभी असताना, सीटवर माणूस बसवून मोजायचा, जॅकवर असताना मोजलेला उपयोगाचा नाही. शाफ्ट कापून आखूड कराल तर बॅलन्सिंग करून घ्या. आणि इंजिन भंगारातनं घेताना पक्कं बिल आणि ज्या गाडीचं ते आहे तिची आरसी रद्द झाल्याचा कागद मागा, विकणारा टाळाटाळ करत असेल तर तिथनं उठा.

प्रश्न: सासऱ्यांची तीसच्या दशकातली शेव्रोलेट आमच्या शहापूरच्या घरी आहे. बाहेरनं पत्रा बरा आहे, इंजिन सहा सिलेंडरचं, आरसी आहे. पण बॉडीच्या आतलं लाकूड वाळवीनं पोखरलंय, दरवाजे लोंबतात. मुलगा डिप्लोमा मेकॅनिकल करतोय, तो म्हणतो लाकूड काढून स्टीलचा पाइप घालू आणि मग हॉट रॉडच करू. काय करावं?

उत्तर: ताई, तुमच्याकडं अख्खी गाडी आहे. मुलाला माझ्याकडनं सांगा की हिला कापायचं नाही. शेव्रोलेटवाल्या जनरल मोटर्सनं १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, त्या काळातल्या शेव्रोलेट आपल्या भागात टॅक्सी, सर्व्हिस मोटारी म्हणून धावून धावून संपल्या, बॉडी आणि इंजिन आणि कागद तिन्ही शाबूत असलेली मिळणं फार दुर्मीळ. हिला विंटेजचं रजिस्ट्रेशन मिळू शकतं, आणि बॉडीत स्टीलचा सांगाडा घातला तर तीच गोष्ट अडचणीत येईल.

लाकूड बदलता येतं, घाबरू नका. पण पद्धत महत्त्वाची. काहीही काढायच्या आधी दरवाज्यांच्या तोंडात, आडवे आणि तिरके, एल अँगल बोल्टनं जखडा, म्हणजे लाकूड निघाल्यावर बॉडी पसरणार नाही. मग एका वेळी एकच तुकडा. जुना तुकडा कितीही पोखरलेला असला तरी टाकायचा नाही, तोच नमुना, ज्या कडा गेल्यात त्या दुसऱ्या बाजूच्या तुकड्यावरनं आरशासारख्या उलटवून घ्यायच्या. आधी साध्या प्लायमध्ये कापून बसवून बघायचं, दरवाजा लागतोय का ते बघायचं, मगच चांगलं लाकूड. मूळ लाकूड ॲशचं असायचं, आपल्याकडं जुनं सुकलेलं सागवान वापरा, खानापूरकडच्या पडलेल्या वाड्यांचे वासे-तुळया मिळतात, ते पिढ्यान्‌पिढ्या सुकलेले असतात, आता आक्रसत नाहीत. सागात तेल असतं, सरस धरत नाही, जोडायच्या आधी थिनरनं पुसून घ्यायचं. सुतार असा बघा की जो गोलाई आणि सांधे हातानं करतो, मॉड्युलर किचनवाला नको. मुलाला दरवाजाच्या खांबापासून सुरुवात करायला सांगा, बिजागरी जिथं बसते तिथला तुकडा. तो जमला की दरवाजा उचलला जातो आणि त्याचा हुरूप वाढतो. प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसकट ठेवा, तपासणीला आलेल्या माणसाला दाखवता येतं की दुरुस्ती केलीय, फेरफार नाही.

आणि मुलाला हॉट रॉडचीच फार ओढ असेल तर वर निपाणीच्या भावांना लिहिलंय तशी एखादी आधीच उघडी पडलेली, मागची बाजू गेलेली गाडी शोधा. आपल्या पट्ट्यात अशा निघतात, उसाच्या गुऱ्हाळावर, आटाचक्कीच्या मागं, कुठंही.

प्रश्न: इंजिन जाम आहे. मित्र म्हणतो ट्रॅक्टरला बांधून, टॉप गिअर टाकून ओढू, सुटेल. (खानापूर)

उत्तर: सुटेल की, पिस्टनच्या रिंगा किंवा कनेक्टिंग रॉड सुटेल! ओढू नका. सगळे प्लग काढा, प्रत्येक सिलेंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल अर्धं-अर्धं मिसळून वाटीभर सोडा, भोकांवर कापड टाका आणि आठवडाभर विसरा. पातळी खाली गेली तर पुन्हा घाला, तुमच्याकडं जांबोटीच्या बाजूला पाऊस बेसुमार, बंद वखारीत सुद्धा दमट हवा प्लगच्या वाटेनं आत जाते, त्यामुळं गंज सगळ्या सिलेंडरांत सारखा नसतो. मग क्रँकच्या पुढच्या नटाला लांब हँडलचा पाना लावून हातानं, पुढं थोडं, मागं थोडं. एक मिलिमीटर हलला तरी काम झालं, पुन्हा तेल, पुन्हा उद्या. स्टार्टर लावायचा नाही. मोकळं झाल्यावर सुद्धा लगेच चालू करू नका, ऑइल चेंबर उतरवा, तळाचा चिखल काढा, ऑइल पंप हातानं फिरवून तेल वर येतंय का बघा, व्हॉल्व्ह एकेक करून खाली-वर होतात का बघा, अडकलेला व्हॉल्व्ह पुशरॉड वाकवतो. आणि हेड उघडायचीच वेळ आली तर व्हॉल्व्हच्या सीट बघून घ्या, जुनी इंजिनं शिशाच्या पेट्रोलवर चालायची, ते देशात २००० साली बंद झालं, बिनशिशाच्या पेट्रोलवर मऊ सीट झिजतात, हेड लेथवर गेलंच आहे तर कडक इन्सर्ट मारून घ्या.